डोळे मिटलेली राणी

17 जानेवारी 1852. ऐन हिवाळ्यात लख्ख ऊन पडलंय आणि तुम्ही इंग्लंडच्या राणीच्या बागेत उभे आहात, विल्यम किलबर्न या फोटोग्राफरचे मदतनीस म्हणून. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आरशासारखा घासून, आयोडिनच्या वाफेवर धरून तुम्ही तयार ठेवलाय. जपून सरकवा तो कॅमेऱ्यात. अशा फोटोला, म्हणजे डॅगेरोटाइपला, निगेटिव्ह नसते. जे उमटेल ते याच पत्र्यावर, एकदाच.

समोर राणी व्हिक्टोरिया, वय 32, आणि तिच्या मुलांपैकी पाच जण. त्यातली थोरली व्हिकी 11 वर्षांची, धाकटी हेलेना 5 वर्षांची; मधे बर्टी, ॲलिस, आल्फ्रेड. तुमचा जीव टांगणीला लागलाय तो पोरांपायी, कारण भिंगावरचं झाकण निघालं की काही सेकंद कुणी हलता कामा नये. किलबर्न झाकण काढतात. पोरं शहाण्यासारखी बसून राहतात. डोळे मिटतात ते राणीचे.

अजून तुम्हाला ते ठाऊक नाही. पेटीत पारा तापवा, पत्रा त्यावर धरा. (वाफ छातीत जाऊ देऊ नका. या धंद्यातले लोक ती काळजी फारशी घेत नसत.) चेहरे हळूहळू वर येतात आणि तुमच्या पोटात गोळा येतो. मुलं छान आली, आपण मात्र भयंकर, अशी नोंद राणी आपल्या डायरीत करते. तेवढ्यावर ती थांबत नाही. पत्र्यावरचा स्वतःचा चेहराच खरवडून टाकते. पत्र्यावरचं चित्र इतकं नाजूक असतं की बोट लागलं तरी पुसलं जातं. एरवी त्यावर काच बसवतात ती त्यासाठीच. आता पाचही मुलं शाबूत आणि आईच्या चेहऱ्याच्या जागी नुसते ओरखडे. पत्रा ती टाकून देत नाही, हे मला त्या खरवडण्याहून बोलकं वाटतं. राजघराण्याच्या संग्रहात तो आजही आहे.

दोनच दिवसांनी पुन्हा फोटो. या वेळी रुंद काठाचं बॉनेट घालून ती बाजूला तोंड करून बसते. चेहरा जवळजवळ दिसतच नाही. किलबर्न काय बोलणार? तुम्हीही बोलू नका.

ही बाई आपला चेहरा बाजारात येऊ देईल, यावर आज तुमचा विश्वास बसणार नाही. तेव्हा 1860 मध्ये या. काचेच्या निगेटिव्हवरून आता हव्या तितक्या प्रती निघतात आणि जॉन मेयॉल यांनी काढलेली राजघराण्याची तळहातात मावणारी कार्डं राणीच्या संमतीनं विकली जाताहेत. मुकुट नाही, राजदंड नाही. राणी आणि तिचा नवरा आल्बर्ट एखाद्या खात्यापित्या घरच्या जोडप्यासारखे दिसतात. हा साधेपणा पुरता ठरवून घेतलेला असणार, असा माझा कयास. लोक ती कार्डं आपल्या घरच्यांच्या फोटोंशेजारी अल्बममध्ये लावतात. पुढच्याच वर्षी, डिसेंबरात, आल्बर्ट वारला आणि त्याच्या कार्डांवर उड्या पडल्या.

शेवटचा मुक्काम 1897, राज्यारोहणाची साठ वर्षं. जिकडेतिकडे राणीचा एकच फोटो, डाउनी यांच्या स्टुडिओचा. लेस, हिरे, डोक्यावर छोटासा मुकुट. फोटो खरं तर चार वर्षं जुना, नातवाच्या लग्नाच्या वेळचा. पण तिला तोच चालतो. छापण्याचे हक्क मोकळे सोडलेत, त्यामुळे बशा, पेले, डबे, काही म्हणता काही सुटलेलं नाही. एखादा डबा घ्या विकत. डोळे उघडे आहेत.