रयतेचें मुखत्यारपत्र

सरकारदरबारीं कोणाची तरी बाजू मांडून त्याचें काम करून घेणें, यास आपल्या जुन्या भाषेंत रदबदली म्हणत. पेशवाईंत हा धंदा वकिलांचा होता. दरबारोदरबारीं निरनिराळ्या संस्थानांचे वकील असत. ते बातमी लिहीत, नजराणे पोंचवीत, कारभाऱ्यांची मर्जी सांभाळीत आणि वेळ पाहून धन्यासाठीं शब्द टाकीत. हल्लीं मोठमोठ्या कंपन्या व मंडळें याच कामासाठीं पगारी माणसें ठेवतात आणि त्यास जनसंपर्कासारखीं सौम्य नांवें देतात. पण काम जुनेंच आहे. नवी गोष्ट घडली ती निराळी. जिला ना गादी, ना खजिना, ना फौज, अशा रयतेनेंही आपला वकील ठेवावा, आणि तोही रीतसर मुखत्यारपत्र लिहून देऊन ठेवावा, ही कल्पना पुण्यास १८७० सालीं अमलांत आली. तिची हकीकत आम्हीं येथें सांगणार आहों.

त्याआधींचा एक प्रसंग सांगितल्यावांचून या कल्पनेचें महत्त्व ध्यानांत यावयाचें नाहीं. १८३९ सालीं इंग्रजांनीं साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह यांस पदच्युत करून पुढें काशीस ठेविलें. त्यांची दाद लावण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि तेथें सुमारें चौदा वर्षें राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभेंत वादविवाद घडवून आणावे, पार्लमेंटांतील जोसेफ ह्यूमसारख्या सभासदांस कागदपत्र पुरवावे, जॉर्ज टॉमसनसारख्या वक्त्यास आपल्या बाजूस घ्यावें, हा त्यांचा उद्योग. या विद्येचीं जीं अंगें आज शिकवून शिकावीं लागतात, तीं या कारकुनी वळणाच्या गृहस्थास उपजत अवगत होतीं असें म्हणावें लागतें. पण १८४७ सालीं महाराज काशीस वारले. १८४८ सालीं सातारा खालसा झाला. धनी गेला, राज्य गेलें, तरी वकील लंडनांतच! शेवटीं ते रिकाम्या हातांनीं परतले. १८५७ च्या धामधुमींत साताऱ्याचा कट उघडकीस आला, त्यांचा मुलगा सीताराम फांशीं गेला आणि स्वतः रंगो बापूजी जे नाहींसे झाले ते पुन्हां सरकारच्या हातीं लागले नाहींत. एवढी निष्ठा आणि एवढें चातुर्य खर्चीं पडलें तें एका गादीसाठीं; गादी संपतांच त्या मुखत्यारीला आधार उरला नाहीं.

पुण्यांतील सभेचा उगम याहून फार साधा आहे. पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराविषयीं लोकांची कुरकूर होती. ती वेशीवर टांगण्यासाठीं जी मंडळी जमली, तिला लौकरच दिसून आलें कीं गाऱ्हाणें एकट्या देवस्थानाचें नाहीं. परंतु सरकारपुढें जाणारास पहिला प्रश्न असा होत असे कीं, तुम्ही बोलतां तें कोणाच्या वतीनें? या प्रश्नास उत्तर म्हणून नियम ठरला कीं, ज्याला सभासद व्हावयाचें असेल त्यानें निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें; तीं माणसें कोणत्याही जातीचीं वा धर्माचीं असोत. २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हां सुमारें सहा हजार लोकांनीं आपलें मुखत्यारपत्र दिलेले ९५ सभासद तिच्यांत होते. औंधचे पंतप्रतिनिधि अध्यक्ष झाले. मतदान हा शब्दही ज्या काळीं सामान्यांच्या कानीं नव्हता, त्या काळीं कोर्टांतल्या वकीलपत्राची रीत उचलून तिच्यांतून लोकप्रतिनिधि निर्माण करणें ही युक्ति वकिलासच सुचावी. आणि सभेचे प्राण गणेश वासुदेव जोशी हे खरोखरच वकील होते. लोकांनीं त्यांस ‘सार्वजनिक काका’ म्हणावें आणि खरें नांव विसरून जावें, इतके ते या कामाशीं एकरूप झाले. १८७७ च्या दिल्ली दरबारास सभेच्या वतीनें ते गेले ते हातानें कातलेल्या सुताचे कपडे घालून; रेशमी जरतारी पोषाखांच्या त्या गर्दींत तो पांढरा जाडाभरडा अंगरखा कसा दिसला असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

१८७१ सालीं महादेव गोविंद रानडे न्यायाधीश होऊन पुण्यास आले आणि सभेस डोळे आले. अर्ज आणि गाऱ्हाणें यांतील भेद रानड्यांनीं ओळखला होता. गाऱ्हाणें कोणीही करितो. सरकारला जें ठाऊक नाहीं, किंवा ठाऊक असून जें तें कागदावर येऊं देत नाहीं, तें मांडणारा अर्ज निराळा. सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून १८७३ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. १८७५ सालीं तर एकवीस हजारांवर सह्यांचा अर्ज पार्लमेंटाकडे गेला, त्यांत हिंदुस्थानास त्या सभागृहांत प्रत्यक्ष प्रतिनिधि मिळावे अशी मागणी होती. ती कोणी मान्य करील असें अर्जदारांसही वाटलें नसावें. पण सह्या गोळा करितांना गांवोगांव जें बोलणें झालें असेल तेंच त्या अर्जाचें खरें फळ, असें आम्हांस वाटतें.

सभेची खरी परीक्षा १८७६–७७ च्या दुष्काळांत झाली. सोलापूर, कलादगी, सातारा, पुणें या बाजूंस पाऊस गेला; माणसें दुष्काळी कामांवर खडी फोडूं लागलीं. सभेनें ठिकठिकाणीं आपलीं माणसें धाडून माहिती मागविली: गांवांत धान्य किती, भाव काय, गुरें किती मेलीं, घरें किती ओसाड पडलीं. ही माहिती पत्रांच्या रूपानें सरकारकडे एकामागून एक जात राहिली. इतक्यांत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून सर रिचर्ड टेंपल आले. खर्च कमी करण्याचा त्यांस हुकूम होता. एका मजुराला दिवसास एक पौंड धान्य पुरे, असा त्यांचा हिशेब. मजुरी उतरली, आणि कामावरील हजारों लोकांनीं काम सोडून घरची वाट धरली. उपासमार पत्करली, पण ती मजुरी घेतली नाहीं. सभेनें लिहिलेल्या अर्जांत रागाचा शब्द शोधूनही सांपडावयाचा नाहीं. अंगमेहनत करणाऱ्या माणसाला किती अन्न लागतें, सरकार आपल्या तुरुंगांतील कैद्याला किती देतें, आणि या मजुराला किती देतें, एवढेंच तिला विचारावयाचें होतें. अशा प्रश्नाचा अधिकाऱ्यांना जेवढा राग येतो तेवढा शिवीचाही येत नाहीं. गंमत अशी कीं, तेच टेंपलसाहेब १८७७ च्या वसंतांत मुंबईचे गव्हर्नर झाले, आणि यापुढें सभेचे अर्ज त्यांच्याच टेबलावर पडूं लागले!

१८७८ पासून सभेनें इंग्रजी त्रैमासिक काढिलें. लेखांवर सह्या क्वचितच, पण बहुतेक लिखाण रानड्यांचें हें उघड गुपित होतें. सरकारचा पगारी न्यायाधीश सरकारच्या सारापद्धतीचे वाभाडे काढतो, ही स्थिति फार दिवस टिकणारी नव्हती. १८७८ सालीं त्यांची नाशकास बदली झाली. १८७९ च्या मे महिन्यांत पुण्याचे बुधवारवाडा व विश्रामबागवाडा जळाले, वासुदेव बळवंतांच्या बंडानें सरकार बिथरलेलें होतें, आणि रानड्यांस एकदम धुळ्यास धाडण्यांत आलें. तेथें त्यांचें टपाल फोडून पाहिलें जात असे, हें रमाबाईंनीं आपल्या आठवणींत लिहून ठेविलें आहे. त्याच वासुदेव बळवंतांचें वकीलपत्र सार्वजनिक काकांनीं घेतलें. पुढच्या वर्षीं, १८८० सालीं, काकांचा अंत झाला. दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधीं कायदा १८७९ सालीं झाला. त्यांत सावकाराविरुद्ध १८७५ सालीं झालेल्या दंग्यांचा वांटा किती आणि सभेच्या कागदांचा किती, हें तोलून सांगणें कठीण आहे. दंग्याची भीति नसती तर कागद वाचले गेले नसते, आणि कागद नसते तर दंग्यांतून नुसती पोलिसांची संख्या वाढली असती, असें आमचें मत आहे.

परंतु एक आक्षेप येथें टाळतां येत नाहीं, आणि टाळूंही नये. जोतीराव फुले यांनीं तो स्पष्टपणें घेतला: नांव सार्वजनिक, पण शूद्रातिशूद्रांस तेथें जागा कोठें? सरकारी अधिकारीही सभेस पुण्याच्या ब्राह्मणांची सभा म्हणून झिडकारीत. त्यांचा हेतु अर्थातच निराळा होता. हेतु कांहीं असो, मुद्दा खरा होता. मुखत्यारपत्रावर सही करणारा कुणबी किंवा माळी असूं शके, मुखत्यार मात्र तो सहसा नसे. आणि जीं मुखत्यारपत्रें सभेचा पाया होतीं, तीं वर्षांनुवर्षें ताजीं करून घेण्याची कळकळ पुढील पिढींत राहिली नाहीं. शेतकऱ्याचा हिशेब सभेला तोंडपाठ होता, पण शेतकरी सभेंत बसलेला नव्हता. दुष्काळांतील पत्रें आजही वाचतांना मन द्रवतें, आणि त्याबरोबर ही उणीवही डोळ्यांत सलते.

१८९५ सालीं सभेच्या व्यवस्थापक मंडळांत टिळकांच्या पक्षाचें बहुमत झालें. रानडे-गोखले यांचा पक्ष बाहेर पडला आणि त्यानें १८९६ सालीं डेक्कन सभा काढिली. त्याच वर्षीं पुन्हां दुष्काळ आला. रानड्यांच्या काळची सभा सरकारला माहिती देई. आतांच्या सभेनें ती रयतेला देण्यास आरंभ केला. सरकारच्याच दुष्काळी नियमांचें मराठी करून तें गांवोगांव वांटण्यांत आलें. पीक बुडाल्यास सारा तहकूब होऊं शकतो, काम मागणें हा तुमचा हक्क आहे, असें सभेचे प्रतिनिधि भर बाजारीं सांगूं लागले. नियम सरकारचे, छापील, कायदेशीर. पण ते शेतकऱ्याला ठाऊक व्हावे हें कलेक्टरांस रुचलें नाहीं. कांहीं प्रतिनिधींवर खटले झाले.

मार्च १८९७ मध्यें मुंबई सरकारनें ठराव करून जाहीर केलें कीं, सार्वजनिक धोरणाच्या प्रश्नांवर सरकारला लिहिण्याचा अधिकार असलेली संस्था म्हणून या सभेस यापुढें मान्यता नाहीं. सत्तावीस वर्षांपूर्वीं विचारलेला प्रश्न, ‘तुम्ही कोणाच्या वतीनें बोलतां?’, सरकारनें आतां विचारलाही नाहीं. त्याच सालीं गोखले डेक्कन सभेच्या वतीनें वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले, आणि त्यांच्या आंकड्यांची तेथें वाहवा झाली. पुण्याच्या जुन्या सभेच्या पत्रांना मात्र सचिवालयाचें दार बंद झालें होतें. दुष्काळी नियमांचे मराठी कागद तोंवर खेड्यापाड्यांतून वांटून झाले होते.