मालवण किनाऱ्यावरील मनीऑर्डर

१ जानेवारी १८८० रोजी भारतातील टपालखात्याने मनीऑर्डरीचे काम सरकारी खजिन्यांकडून आपल्या हाती घेतले, आणि देवगड, मालवण, वेंगुर्ले या बंदरांतून आगबोटीने मुंबईस जाऊन गिरणीत वा गोदीत लागलेल्या चाकरमान्याला, म्हणजे पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या कोकणी माणसाला, घरी पैसे पोचवण्याचा भरवशाचा मार्ग मिळाला. नोटा प्रवास करीत नसत. मुंबईच्या टपाल कचेरीत रक्कम भरली की टपालाने फॉर्म तेवढा गावी जाई आणि तेथील कचेरीच्या शिलकेतून पोस्टमन घरपोच रोकड देई.

या फॉर्मच्या एका भागावर पैसे घेणाऱ्याची सही किंवा, अक्षरओळख नसल्यास, अंगठा उमटवून तो भाग पोच म्हणून मुंबईस परत जाई, तर दुसऱ्या भागावर, म्हणजे कुपनावर, पाठवणाऱ्याला दोनचार ओळी लिहिता येत. बियाण्याला किती, वाण्याची उधारी किती, चतुर्थीला रजा मिळणार की नाही, हे त्या चिठोऱ्यावर मावे, आणि अनेक घरांत ते पोस्टमनकडूनच वाचून घेतले जाई. पत्राचा वेगळा खर्च न करता संसार चालवण्याची ही सोय होती, आणि मनीऑर्डरीचा इतिहास रकमांपेक्षा या कुपनांतच अधिक सापडतो.

पुढे 'मनीऑर्डरीवर जगणारे कोकण' असा शब्दप्रयोग रूढ झाला, तो मात्र अन्यायाचा आहे. गावी राहिलेल्या बायका भाताची लावणी, नाचणी, गुरेढोरे आणि म्हाताऱ्यांचे दुखणेखुपणे सांभाळीत. वर्षाकाठचे धान्य काही अंशी तरी त्यांच्या कष्टातून घरात येई, आजारी वा निवृत्त कामगार त्यांच्याकडेच परते, म्हणूनच गिरणीमालकांना कुटुंब पोसण्याइतकी मजुरी न देताही कामगार मिळत राहिले. पैसा मुंबईहून गावाकडे येत होता हे खरे, पण गावही मुंबईला पोसत होते, आणि त्या देण्याची पोच कोणत्याही फॉर्मवर उमटली नाही.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून याच किनाऱ्याचा सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा झाला आणि वर्ष उलटण्यापूर्वीच, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईतील गिरणी संप सुरू झाला. तो लांबत गेला तसा अनेक घरांचा मनीऑर्डरीचा महिन्याचा आधार तुटला आणि कितीतरी कामगार कायमचे गावी परतले. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली, परंतु कोकणाला परावलंबी ठरवणारा तो शब्दप्रयोग भाषणांतून आणि लेखांतून अजूनही वापरला जातो.