तापमापीला न दिसलेली उष्णता

वितळण्याच्या बेतात असलेल्या बर्फाला आणखी जराशी उष्णता मिळाली की त्याचे लगेच पाणी होते, असे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानले जाई. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक यांना हे पटेना. तसे असते, तर थंडी सरताच डोंगरावरचा सारा बर्फ एकदम वितळून गावेच्या गावे वाहून गेली असती. प्रत्यक्षात तो आठवडेच्या आठवडे वितळत राहतो.

१७६१च्या हिवाळ्यात ब्लॅक यांनी काचेचे दोन सारखे गोल एका दालनात टांगले. एकात बर्फ, दुसऱ्यात तितकेच बर्फासारखे थंड पाणी. पाणी अर्ध्या तासात ७ अंश फॅरनहाइटने तापले. बर्फाला वितळून तेवढेच तापायला साडेदहा तास, म्हणजे २१ पट वेळ लागला. मग मधली उष्णता गेली कुठे? ती बर्फाचे पाणी करण्यात खर्ची पडली. तापमापीला तिचा पत्ताच नव्हता. हाच अप्रकट उष्मा.

त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅट यांना आढळले, की वाफ आपल्या वजनाच्या सहापट थंड पाणी उकळीला आणते. त्याचे कारण त्यांना ब्लॅक यांच्याकडून कळले. जुन्या इंजिनात दर खेपेला सिलिंडरच थंड केला जाई आणि तो पुन्हा तापवण्यात ही मोलाची वाफ वाया जाई. १७६५ साली वॅट यांनी वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र योजले. कोळशाची मोठी बचत झाली.

ब्लॅक यांनी हे सारे वर्गात शिकवले. त्यांची व्याख्याने मात्र मृत्यूनंतर, १८०३ मध्ये छापली गेली. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका अधिक का पोळतो, याचेही उत्तर त्यांत आहे.