ड्वार्फ (टोल्किनच्या साहित्यातील)

ब्रिटिश लेखक जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांच्या ‘मध्य-पृथ्वी’ या कल्पित जगातील ठेंगणी, दाढीधारी, खाणकामात व धातुकामात निष्णात जमात. ते स्वतःला ‘खझाद’ म्हणवतात. ‘द हॉबिट’ (१९३७), ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेले ‘द सिल्मरिलियन’ (१९७७) या ग्रंथांत त्यांचा वृत्तांत येतो.

विस्थापन : औले या देवतेने घडवलेल्या सात मूळपुरुषांपासून त्यांची सात कुळे झाली. पैकी दुरिनच्या कुळाची राजधानी खझाद-दूम (मोरिया). मिथ्रिल या मौल्यवान धातूच्या शोधात खोल खणताना बालरॉग हा अग्निदैत्य मोकळा झाला. तिसऱ्या युगाच्या १९८०-८१ मध्ये त्याने लागोपाठ दोन राजे मारले व नगरी ओस पडली. पुढे वसवलेले एरेबोर २७७० मध्ये स्मॉग या ड्रॅगनने बळकावले. देशोधडीला लागलेल्यांपैकी अनेकजण लोहारकाम करत अखेर निळ्या पर्वतांत स्थिरावले.

अस्मिता : जिथे राहतील तिथली भाषा ड्वार्फ बोलतात आणि चारचौघांत वापरायची नावेही माणसांच्या भाषेतली घेतात. खुझ्दूल ही स्वतःची भाषा मात्र ते परक्यांना सहसा शिकवत नाहीत. प्रत्येकाचे खरे नाव इतके गुप्त असते की ते थडग्यावरही कोरत नाहीत. युद्धगर्जना तेवढी खुझ्दूलमध्ये, उघडपणे दिली जाते. वंशावळ, कुळाचे वैर आणि गमावलेल्या नगरीची आठवण पिढ्यान्‌पिढ्या जपली जाते. या आठवणीपोटीच बालिन या ड्वार्फने तिसऱ्या युगाच्या २९८९ मध्ये मोरियात पुन्हा वस्ती केली. ती पाच वर्षांत नष्ट झाली.

प्रेरणा व टीका : व्यक्तिनामे मुख्यतः ‘व्होलुस्पा’ या प्राचीन नॉर्स काव्यातून घेतली आहेत. खुझ्दूलची घडण मात्र हिब्रूसारख्या सेमिटिक भाषांच्या धर्तीवर, बहुधा तीन व्यंजनांच्या धातूंवर बेतलेली आहे. आपल्या वस्तीत स्थानिकही आणि परकेही असलेल्या ड्वार्फांवरून आपल्याला ज्यूंची आठवण होते, असे टोल्किन यांनी १९५५ च्या एका पत्रात म्हटले आहे. या साम्यामुळेच ‘द हॉबिट’मधील ड्वार्फांच्या सुवर्णलोभाच्या चित्रणात ज्यूंविषयीचा जुना पूर्वग्रह डोकावतो, अशी टीका झाली. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील गिम्ली हा ड्वार्फ मात्र या साच्यात बसत नाही : एल्फ-स्वामिनी गॅलाड्रिएलकडे तो रत्न नव्हे, तिचा एक केस मागतो.

खुझ्दूलचे मोजकेच शब्द टोल्किन यांनी दिले आहेत. पीटर जॅक्सन यांच्या चित्रपटांसाठी भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड सॅलो यांनी त्या आधारे तिचा विस्तार केला.