पाळकाच्या तोंडचे शब्द

'पाद्री' हा शब्द आपल्याकडे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांचा 'पाद्रे' म्हणजे बाप. लॅटिन 'पातेर' हा त्याचा पूर्वज आणि संस्कृत 'पितृ' त्याच्याच नात्यातला. गोव्यात त्याच्या जोडीला 'विगार' आला, म्हणजे गावच्या चर्चचा मुख्य पाद्री. या विगाराचा मूळ अर्थ मात्र 'दुसऱ्याच्या जागी बसवलेला', बदलीवरचा माणूस म्हणा ना. वसईत 'फादर' रुळला. नगर, जालना, सोलापूरकडच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी मात्र वेगळाच शब्द धरला: पाळक.

हा शब्द बायबलमधून आला. नव्या करारातल्या ग्रीकमध्ये 'पोइमेन' म्हणजे मेंढपाळ, लॅटिनमध्ये तोच 'पास्टर', म्हणजे चारणारा. या 'पास्टर'मधला 'पा' आणि संस्कृतातला राखण करण्याचा 'पा' हा धातू एकाच मुळाचे, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्यानं 'पास्टर'साठी 'पाळक' लिहिलं, त्यानं भाषांतर करता करता एका लांबच्या नातलगालाच घरी आणलं.

मराठीत 'पाळणे' फार ऐसपैस आहे. पोर पाळतात, त्यातून पाळणा. जनावर पाळतात, ते पाळीव. वेळ पाळतात, पथ्य पाळतात, दिलेला शब्द पाळतात, सुतक पाळतात. पाळक मंडळीला पाळतो आणि मंडळी आज्ञा पाळते. क्रियापद तेच, पण एकदा वरून खाली वाहतं आणि एकदा खालून वर. त्याच पोटात 'पाळत'ही आहे. काळजी घेणाऱ्याची नजर आणि पाळत ठेवणाऱ्याची नजर यांत फरक किती, हे ज्याच्यावर नजर असते त्याला विचारावं.

बिशपचंही असंच. ग्रीक 'एपिस्कोपोस' म्हणजे वरून पाहणारा. मराठी बायबलात त्याला 'अध्यक्ष' म्हटलं आहे आणि हा पर्याय दिसतो त्याहून नेमका आहे. अधि अधिक अक्ष, म्हणजे वर डोळा असलेला. आपण अध्यक्ष म्हटलं की हार-तुरे आणि समारोपाचं भाषण आठवतं. शब्दाच्या मुळाशी मात्र निरीक्षक बसलेला आहे. ('मंडळी'ची गंमत याहून वेगळी. जुन्या पिढीतला माणूस 'आमची मंडळी' म्हणाला तर तो बायकोबद्दल बोलतो आहे की चर्चबद्दल, हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं.)

हे पाळक घडतात कुठं? पुण्यात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती मुळात यवतमाळची, 1983 मध्ये पुण्याला आली. नगर रस्त्यावर कॅथलिक धर्मगुरू घडवणारी ज्ञानदीप ही संस्था आहे. अशा ठिकाणी पवित्र शास्त्र, इतिहास, प्रवचनकला यांच्या बरोबरीनं पाळकीय समुपदेशन शिकावं लागतं. कारण पदवी घेऊन मुलगा गावातल्या चर्चवर गेला की पहिल्याच वर्षी त्याच्या दारात येतात ती माणसं प्रवचनाच्या वहीत नसतात: दारुड्याची बायको, कर्जात बुडालेला बाप, दिवस गेलेली अविवाहित मुलगी.

या विषयाचं नावच अडचणीचं आहे. समुपदेशनात 'उपदेश' आहे आणि उपदेश न करणं हा त्यातला पहिला धडा. 'दिश्' म्हणजे दाखवणं. दिशा, आदेश, निर्देश, उपदेश सगळे तिथलेच. उपदेशात कुणीतरी बोट दाखवतो आणि दुसरा तिकडे बघतो. आधी 'सम्' लावल्यानं बोट खाली येत नाही. दुसरे शब्द बघितले तर 'सल्ला' आणि 'मसलत' दोन्ही एकाच अरबी मुळाचे, बरं करणं, भलं करणं या अर्थाच्या. पण मसलतीला मराठी दरबारात राहून कारस्थानाचा वास लागला. 'सांत्वन' तर एके काळी राजनीतीत होतं: साम, दाम, दंड, भेद यांतल्या सामाचा 'सान्त्व' हा पर्यायी शब्द. आता ते फक्त मयताच्या घरी नेतात. आणि 'कानउघाडणी'! कान उघडायचा तो समोरच्याचा, आपला नव्हे.

मराठीत 'ऐकणे' हा शब्दही सरळ नाही. 'तो माझं ऐकतो' म्हणजे तो माझ्या आज्ञेत आहे. 'मी का ऐकून घेऊ?' म्हणजे मी का बोलणी खाऊ? खालच्यानं वरच्याचं ऐकायचं, ही दिशा भाषेतच पक्की आहे. तेव्हा पाळकानं मंडळीतल्या एखाद्या बाईचं तासभर नुसतं ऐकून घ्यायचं, हे त्याच्या पदालाच नव्हे, त्याच्या क्रियापदालाही उलटं जातं.

चर्चच्या इतिहासातही बोलण्याची तालीम आधीची. इ.स. 590 च्या सुमाराला पोप ग्रेगरीनं पाळकांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात श्रोत्यांच्या तीसहून अधिक जोड्या आहेत: गरीब-श्रीमंत, आनंदी-दुःखी, उतावळे-संथ. प्रत्येकाशी काय बोलावं, हे त्यानं वेगवेगळं सांगितलं आहे. माणूस पारखायची नजर त्याची विलक्षण होती, पण भर तोंडावर होता. कानाचं शिक्षण पद्धतशीर सुरू झालं ते फार उशिरा, अमेरिकेत. अँटन बॉयसन नावाचे एक धर्मसेवक 1920 मध्ये स्वतःच मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर इथल्या सरकारी मनोरुग्णालयात चॅप्लेन, म्हणजे तिथले धर्मसेवक, झाले आणि 1925 च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राचे विद्यार्थी वॉर्डांत कामाला घेऊन आले. पुस्तकं वाचता तशीच ही माणसं वाचा, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या दशकात रसेल डिक्स यांनी याच शिक्षणात 'व्हर्बेटिम' आणलं: भेट झाल्यावर विद्यार्थ्यानं झालेलं संभाषण आठवून शब्दन् शब्द लिहायचं आणि शिक्षकांसमोर वाचायचं.

ही पद्धत किती निर्दय असते ते एखादं पान डोळ्यांसमोर आणल्याशिवाय कळायचं नाही. समजा, डावीकडे वॉर्डातली बाई: 'पास्टर, रात्री झोपच लागत नाही हो.' उजवीकडे विद्यार्थी: 'देवावर भाव ठेवा ताई, सगळं ठीक होईल.' बाई: 'हो.' विद्यार्थी: 'आपण प्रार्थना करू या का?' बाई: 'करा.' समासात शिक्षकांची पेन्सिल त्या 'हो'भोवती गोल काढते. झोप का लागत नाही, हे कुणी विचारलं? बाई एक वाक्य बोलली, त्यानंतर तिच्या वाट्याला दोन शब्द आले, 'हो' आणि 'करा'. प्रार्थना झाली, भेट संपली, आणि बाई पुन्हा छताकडे बघत पडली. पाच ओळींचं पान, पण त्यावर अर्धा तास चर्चा होऊ शकते, आणि विद्यार्थ्याला आपलं 'ठीक होईल' हे कुणाच्या धीरासाठी होतं ते उमगायला लागतं.

पण शब्दांचा खरा घोळ होतो तो 'क्षमा'पाशी. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला चर्चमधून वर्षानुवर्षं एकच सांगितलं गेलं: क्षमा कर. आता 'क्षम्' या धातूचा मूळ अर्थ आहे सोसणं. म्हणून पृथ्वीचं एक नाव क्षमा, कारण ती सगळं सोसते. तेव्हा मराठी कानाला 'क्षमा कर' आणि 'सहन कर' यांत फारसं अंतर वाटत नाही, आणि सांगणाऱ्यालाही ते राखावंसं वाटलं नाही. ग्रीक बायबलात मात्र त्या जागी जे क्रियापद आहे, 'आफिएमी', त्यात सोसणं नाहीच. त्याचा अर्थ सोडणं, जाऊ देणं. कर्ज सोडणं हे त्यानंच सांगतात. इतकंच काय, करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात नवऱ्यानं बायको सोडण्यालाही पौलानं तेच क्रियापद वापरलं आहे. मराठी प्रभूच्या प्रार्थनेत ही छटा छान टिकली आहे. तिथं क्षमा नाही, 'ऋण सोडणं' आहे. सावकारी भाषेत विचार केला तर मुद्दा चटकन कळतो: ज्यानं कर्ज सोडलं तो त्याच माणसाला पुन्हा कर्ज द्यायला बांधील नसतो. मनातलं वैर सोडलेली बाई त्याच घरात परत जायला बांधील आहे, हे वाक्य ग्रीकमधून निघत नाही. ते 'क्षमे'तून निघालं.

कायदाही फार काळ सोसण्याच्याच बाजूला होता. 1869 च्या घटस्फोट कायद्याखाली ख्रिस्ती पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध करणं पुरे होतं. पत्नीला मात्र पतीच्या व्यभिचाराला क्रूरतेची किंवा टाकून दिल्याची जोड दाखवावी लागे. नुसत्या मारहाणीवर फार तर न्यायालयीन विभक्तता मिळे. हे बदललं 2001 मध्ये. म्हणजे आज साठीत असलेल्या पाळकाच्या उमेदीच्या काळात 'घरी जा, प्रार्थना कर' यापलीकडचा रस्ता कायद्यानंही अरुंदच ठेवला होता.

आणि रस्ता निघाला तरी त्याचं नाव 'घटस्फोट'. पतित ठरलेल्या माणसाला जातीबाहेर काढताना तो जिवंतपणीच मेला असं समजून त्याच्या नावानं पाण्याचा घडा लवंडायचा, फोडायचा आणि सुतक पाळायचं, हा धर्मशास्त्रातला विधी. तोच शब्द आपण लग्न मोडण्याला लावला. बहुजन समाजातली 'काडीमोड' त्यामानानं साधी: एक काडी मोडली, संपलं. 'फारकत' तर निव्वळ कागदोपत्री, देणंघेणं चुकतं झाल्याची फारसी पावती. तिन्ही शब्दांनी नातं संपतं, पण बहिष्कार फक्त पहिल्यात आहे. मंडळीत घटस्फोटित बाईला मागच्या बाकावर सरकवलं जातं तेव्हा फुटलेला घडा अजून ओला असतो. माझं मत विचाराल तर पाळकांनी काडीमोड म्हणायला हरकत नाही.

मृत्यूच्या वेळीही शब्द निवडावा लागतो. 'आत्महत्या' यात हत्या आहे, म्हणजे खून, म्हणजे पाप. गावात त्यालाच 'जीव दिला' म्हणतात, आणि त्या 'दिला'मध्ये आरोप नाही. कॅथलिक चर्चच्या 1917 च्या विधिसंहितेनं जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा दफनविधी नाकारला होता. 1983 च्या नव्या संहितेत ते कलम उरलं नाही. कबरस्तानात उभ्या असलेल्या आईबापांपुढं पाळक कोणता शब्द उच्चारतो, हे त्यांना जन्मभर आठवतं.

राहिलं गुपित. 'गुप्त', 'गोपनीय' यांचा धातू 'गुप्', आणि तो निघाला 'गोपा' या शब्दातून: गो अधिक पा, गाई राखणारा. म्हणजे राखणं हा अर्थ आधीचा, लपवणं नंतरचं. पाळक आणि गोपनीयता हे मुळात एकाच रानातले. कोकणीत पापनिवेदनाला 'कुमसार' म्हणतात, पोर्तुगीज 'कोंफेसार'चं घासून झालेलं रूप. त्या कुमसारावरची गुप्ततेची मोहोर 1215 च्या लॅटरन धर्मपरिषदेनं पक्की केली. पापनिवेदनातलं बोलणं बाहेर फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून कायमचं मठात प्रायश्चित्ताला बसवावं, असा तिचा ठराव होता.

मात्र पाळकाच्या खोलीत खुर्च्या समोरासमोर टाकून झालेलं बोलणं म्हणजे कुमसार नव्हे, आणि हा फरक प्रशिक्षणात ठणकावून सांगावा लागतो. बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 म्हणतं की, असा गुन्हा घडल्याचं ज्या कुणाला कळेल त्यानं तो पोलिसांना कळवलाच पाहिजे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्या 'ज्या कुणाला'मधून पाळक वगळलेला नाही. 'मंडळीतली गोष्ट मंडळीतच मिटवू' म्हणणारे वडीलधारे इथं गुप्चा दुसरा अर्थ धरतात, लपवण्याचा. कायद्याला पहिला हवा असतो, लेकराला राखण्याचा. म्हणून होतकरू पाळकांना एक वाक्य पाठ करायला लावावं: 'तुम्ही सांगाल ते माझ्यापाशी राहील, पण एखाद्या लेकराला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही.' ते समोरचा बोलू लागण्याआधी म्हणायचं. सगळं सांगून झाल्यावर म्हटलं तर त्याला तो दगाच वाटतो.