परदेशी विद्येचे ऋण

आज पुण्यातील पुष्कळ घरांतून एखादा मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकावयास गेलेली असते; ज्या घरातून कोणी गेलेले नाही, तेथे निदान जाण्याची बोलणी तरी चालू असतात. शुल्क किती, बँकेचे कर्ज किती, हप्ते केव्हा सुरू होणार, पोर परत येणार की तिकडचेच होणार, या प्रश्नांनी आईबापांची झोप उडते. या प्रश्नांना इतिहास आहे आणि त्याचा बराच भाग आपल्या शहरात घडलेला आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 साली ज्या व्याख्यानमालेचा पाया घातला, तिच्या श्रोत्यांपुढे त्यातील काही पाने उलगडावीत, असे आम्ही योजिले आहे. आमचा प्रश्न साधा आहे. पूर्वी जे गेले ते कोणाच्या पैशाने गेले, आणि त्या पैशाची फेड त्यांनी कशी केली?

त्या काळचे पुणे प्रथम डोळ्यांपुढे आणले पाहिजे. 1890 साली पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, एवढ्यावरून गावात केवढा गदारोळ उडाला हे आपण जाणताच. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि रानडे व टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. समुद्र ओलांडणे हे तर चहाहून मोठे पातक! अशा गावातून विद्यार्थी विलायतेस निघाले, तेव्हा त्यांना पैशाबरोबर समाजाची अनुमतीही मिळवावी लागे, किंवा तिच्यावाचून जाण्याचे धैर्य तरी लागे.

शिष्यवृत्तीचे दारही सर्वांना सारखे उघडे नव्हते. डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे उदाहरण घ्या. परीक्षेत वरचा क्रमांक मिळवूनही, केवळ त्या स्त्री म्हणून सरकारी शिष्यवृत्ती त्यांना नाकारली गेली. इंग्लंडमधील काही हितचिंतकांनी पैसा उभा केला, तेव्हा 1889 साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या. 1892 मध्ये त्या तेथील कायद्याच्या परीक्षेस बसल्या. तशी परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. परंतु ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास 1920 साली आरंभ केला, आणि सोराबजींची पदवी त्यांच्या हाती 1922 मध्ये पडली. तीस वर्षे थांबावे लागले! सुधारलेल्या म्हणविणाऱ्या विलायतेतही सोवळे होते, ते निराळ्या प्रकारचे, इतकेच.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची कथा आपल्या परिचयाची आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. फर्ग्युसनचा हा विद्यार्थी सरकारी शिष्यवृत्तीवर 1896 साली केंब्रिजला गेला आणि 1899 मध्ये गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाला. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी विद्यार्थी. मोठ्या सरकारी नोकरीचा मार्ग त्यांना मोकळा होता. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीस दिलेला शब्द त्यांनी पाळला, आजीव सदस्याचे तुटपुंजे वेतन पत्करले आणि 1902 साली ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पैसा सरकारने दिला होता. फेड मात्र त्यांनी पुण्याच्या विद्यार्थ्यांना केली.

आता ज्यांच्यापाशी आम्हांस अधिक वेळ थांबावयाचे आहे, ते विठ्ठल रामजी शिंदे. त्यांचा जन्म 1873 साली जमखंडीचा. घरची स्थिती बेताची. फर्ग्युसन कॉलेजातून 1898 मध्ये ते बी. ए. झाले, कायद्याचा अभ्यासही करीत होते. इतक्यात प्रार्थना समाजाकडे ओढले गेले. इंग्लंडातील युनिटेरियन पंथाच्या मंडळींनी उदार धर्माच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती ठेविली होती, तिच्यासाठी त्यांची निवड झाली. परत आल्यावर धर्मप्रचारास वाहून घ्यावयाचे, हा तिच्यामागील हेतू. प्रवासखर्चाच्या कामी सयाजीराव गायकवाड महाराजांचे साह्य झाले. वृद्ध आईबाप व पत्नी यांना मागे ठेवून हा अठ्ठावीस वर्षांचा गृहस्थ सप्टेंबर 1901 मध्ये मुंबईहून आगबोटीने निघाला आणि मार्सेय व पॅरिस या मार्गाने इंग्लंडात पोहोचला.

ऑक्सफर्डमधील मँचेस्टर कॉलेजात ते दोन वर्षे राहिले. ही संस्था विद्यापीठाचा भाग नव्हती व पदवीही देत नसे. प्राचार्य ड्रमंड, तत्त्वज्ञानाचे अध्यापक अप्टन आणि तौलनिक धर्माचे व पाली वाङ्मयाचे जाणते एस्टलिन कार्पेंटर यांच्यापाशी शिंदे शिकले. म्हणजे नावापुढे अक्षरे लावण्याच्या दृष्टीने पाहिले, तर हा सारा खर्च वायाच गेला म्हणावयाचा!

पण हा विद्यार्थी वर्गाबाहेरही शिकत होता. सुट्टी लागली की तो निघे. स्कॉटलंडची सरोवरे त्याने पाहिली, लोकांची घरे आणि प्रार्थनामंदिरे पाहिली, आणि जे पाहिले ते ‘सुबोध पत्रिके’तून मराठी वाचकांना लिहून कळविले. महाराष्ट्रात बसून जे कधी पॅरिस पाहणार नव्हते, त्यांनाही या प्रवासाचा वाटा मिळाला. इंग्लंडच्या मोठ्या शहरांतील गलिच्छ वस्त्यांतून युनिटेरियन मंडळी जे सेवेचे काम चालवीत, तेही त्यांनी जवळून पाहिले. जगभर राज्य करणाऱ्या लोकांच्या राजधानीत एवढे दारिद्र्य असावे, हे पाहणाऱ्याचे विलायतेविषयीचे आंधळे कौतुक तेथेच संपते. आणि ज्या देशात हे दारिद्र्य आहे, त्याच देशातील सुखवस्तू घरची माणसे त्या वस्तीत उतरतात, हे पाहिल्यावर त्याला आपल्या गावकुसाबाहेरची वस्ती आठवल्यावाचून राहत नाही.

सप्टेंबर 1903 मध्ये ॲमस्टरडॅम येथे उदारधर्मीयांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. हिंदुस्थानातील उदार धर्मावर शिंदे यांनी तेथे निबंध सादर केला. मग रोमसारखी पुरातन नगरे पाहून ऑक्टोबरात ते मुंबईस उतरले.

दोन वर्षांनी, 1905 मध्ये, याच पुण्यात त्यांनी अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी रात्रीची शाळा काढली. 18 ऑक्टोबर 1906 रोजी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ म्हणजे निराश्रित साह्यकारी मंडळाची स्थापना झाली. त्यांच्या भगिनी जनाबाई याही त्या कामात पडल्या. नाना पेठेतील अहिल्याश्रम ही त्याच कार्याची पुण्यातील खूण. 1933 साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. कार्पेंटरांपाशी शिकलेली तौलनिक अभ्यासाची शिस्त त्यात उपयोगी पडली, असे आम्हांस वाटते. ही सर्व करणी विलायतेने शिकविली असे मात्र कोणी समजू नये. महात्मा फुले यांनी 1848 सालीच पुण्यात शाळा काढली होती, आणि ती काढण्यास त्यांना समुद्र ओलांडावा लागला नव्हता. शिंदे यांना परदेशी मिळाली ती तुलना करण्याची दृष्टी व संस्था चालविण्याची रीत. तळमळ घरचीच होती.

शेवटचे उदाहरण इरावती कर्वे यांचे. फर्ग्युसनच्या पदवीधर असलेल्या इरावतीबाई 1928 साली बर्लिनला निघाल्या, तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी जन्म वेचणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांनाही सुनेचे हे जाणे रुचले नव्हते! डॉ. जीवराज मेहता यांनी कर्जाऊ पैसे दिले आणि जाणे घडले. तेथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे पुरस्कर्ते. कवटीच्या दोन बाजूंतील असमानता गोऱ्या लोकांत अधिक आढळावी, अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशपरत्वे तसा काही भेद आढळत नाही, असे लिहून दिले. परकी, कर्ज काढून आलेली विद्यार्थिनी गुरूच्या मताविरुद्ध जाणारे माप लिहिते, हे धैर्य लहान नव्हे. 1930 साली डॉक्टर होऊन त्या परतल्या. 1939 पासून डेक्कन कॉलेजात राहून गावोगाव हिंडल्या, पंढरीच्या वाटेने वारकऱ्यांबरोबर चालल्या, आणि 1953 मध्ये भारतातील नातेसंबंधांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

या चौघांतील एकही जण केवळ स्वतःच्या पैशाने गेला नाही. सरकार, परके हितचिंतक, संस्थानिक, धर्मपंथ, स्नेही, कोणी ना कोणी हात दिला, आणि देणाराची काही अपेक्षाही असे. आजचा विद्यार्थी बँकेचे कर्ज काढतो. बँक हप्त्यापलीकडे काही मागत नाही आणि हप्ते फिटले की ऋण फिटले, असे तोही मानतो. यात त्याचा दोष नाही. त्याला दुसरे कोणी काही विचारलेलेच नाही.

ते विचारण्याचे काम नगरवासीयांचे आहे. ‘परत ये’ असा हट्ट आम्ही धरीत नाही. दूर राहूनही फेड करता येते, जशी शिंदे यांनी ‘सुबोध पत्रिके’तून केली. पण सुट्टीत घरी आलेल्या मुलामुलींना पगाराचा आकडा विचारण्याआधी, तिकडे काय पाहिले आणि त्यातले आपल्या पेठेला काय उपयोगी पडेल, हे विचारावे. त्यांना शाळांतून, ग्रंथालयांतून, या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर बोलवावे. आणि ज्या हुशार मुलीला किंवा गरीब मुलाला जाण्याची ऐपत नाही, त्यांच्यासाठी चार घरांनी मिळून पैसा उभा करावा. पूर्वीच्यांना कोणीतरी हात दिला होता. तो देण्याची पाळी आता आपली आहे.