लेथची चाल : पट्ट्यापासून विजेपर्यंत

वर्ध्याहून बल्लारशाहकडे जाताना माजरी जंक्शन लागते. वणी-राजूरकडचा फाटा येथूनच फुटतो. गाडीतल्या माणसाला येथे दिसतो तो कोळसा. ढीग, वाघिणी आणि काळी धूळ. पण या कोळशाबरोबर आपल्या मुलखात आणखीही एक गोष्ट आली, ती म्हणजे लोखंड कातण्याची विद्या.

सरकारने वरोऱ्याची खाण १८७१ मध्ये सुरू केली आणि ती १९०६ पर्यंत चालली. पुढे बल्लारपूर, घुग्घुस, माजरी असा खाणींचा पसारा वाढत गेला. आता खाण म्हटली की पंप आले, वाघिणी आल्या आणि त्यांचे झिजणारे दांडे आले. प्रत्येक दांडा दूरच्या शहरी धाडून कसे भागणार? म्हणून खाणीमागून कर्मशाळा आली, आणि कर्मशाळेत लेथ आलाच. आज तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात किंवा एखाद्या हौशी मास्तरांच्या पडवीत जो हातभर लेथ दिसतो, तो त्याच घराण्यातला धाकटा भाऊ समजा.

या धाकट्या भावाची मोटार जळली की मालक दोन प्रश्न विचारतो. दुसरी कोणती बसवू? आणि चाल कमी-जास्त करता येईल काय? उत्तरे बाजारात हवी तितकी मिळतात. पण नेमके कोणते उत्तर आपले, ते समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

आपल्याकडचा लाकडाचा कातारी दोरीने दांडा फिरवी. एकदा पुढे, एकदा मागे. धार लागायची ती फक्त पुढच्या फेरीत. लोखंडाला हे चालत नाही. तिथे हत्यार घट्ट धरावे लागते आणि ते सारखे, न थरथरता सरकावे लागते. इंग्लंडात हेन्री मॉड्सले याने १८०० च्या सुमारास हत्यार धरणारी सरकती बैठक आणि आट्यांचा दांडा यांची नीट सांगड घातली, आणि आजच्या लेथचे रूप ठरले.

त्या काळी प्रत्येक यंत्राला वेगळी मोटार नव्हती, मोटारच नव्हती. कारखान्यात एक वाफेचे इंजिन असे. ते छताखालचा लांब दांडा फिरवी, आणि त्या दांड्यावरून चामड्याचे पट्टे खाली एकेका यंत्रावर उतरत. लेथ थांबवायचा झाला तर कामगार पट्टा शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवी. इंजिन आपले चालूच राही. चाल बदलण्यासाठी पायऱ्यांची पुली असे, वर मोठी पायरी तर खाली लहान, वर लहान तर खाली मोठी. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर टाकला की चाल बदलली. यात अपघात फार होत, धोतराचा सोगा पट्ट्यात गेला की माणूसच जाई. तेव्हा त्या काळाचे गोडवे मी गाणार नाही.

परंतु त्या पायरीच्या पुलीत एक गुण होता, आणि तोच आज आपण विसरतो. पट्ट्याने चाल चौथाई केली की दांड्याचा जोर जवळजवळ चौपट होतो. मोटेचा बैल सावकाश जातो, पण जोराने ओढतो, तसेच हे. बॅक गिअर लावला की चाल आणखी उतरते आणि जोर तितकाच चढतो. आणि हळू चालीला जोर लागतोच. साधे पोलाद हायस्पीडच्या हत्याराने मिनिटाला सुमारे ३० मीटर कातावे असा हिशेब धरला, तर २० मिलिमीटरच्या दांड्याला मिनिटाला सुमारे ४८० फेरे हवेत. पण १०० मिलिमीटरच्या चाकाला अवघे ९५. चाक मोठे, हत्यार मध्यापासून लांब, म्हणजे अडवणूकही मोठी. शिक्षकांनी हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलांकडून जरूर करवून घ्यावा. वर्तुळाचा परीघ मग पाठ करावा लागत नाही.

मग वीज आली. निकोला टेस्लाला १८८८ मध्ये प्रवर्तन मोटारीचे पेटंट मिळाले; पुढच्याच वर्षी दोलिवो-दोब्रोवोल्स्की याने तीन फेजची मजबूत मोटार केली. छताखालचा दांडा गेला आणि प्रत्येक यंत्राला आपली मोटार मिळाली. पण ही मोटार मोठी हट्टी. आपल्या ५० आवर्तनांच्या विजेवर चार ध्रुवांची मोटार सुमारे १४४० फेऱ्यांनीच फिरते, कमी नाही, जास्त नाही. अमेरिकेतील वॉर्ड लिओनार्ड याने १८९१ मध्ये यावर तोड काढली. एका मोटारीने जनित्र फिरवायचे आणि त्या जनित्राच्या एकदिश विजेने दुसरी मोटार हव्या त्या चालीने चालवायची. जगभरच्या खाणींत पाळणा वर-खाली करायला ही रीत फार चालली. लहान लेथला मात्र हा थाट परवडणारा नव्हता. तिथे पायऱ्यांची पुलीच टिकली.

आपल्या महाराष्ट्रात हा धंदा रुजविला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. चित्रकला शिकायला गेलेला, रंग नीट न ओळखता येणारा हा तरुण यांत्रिक रेखाटनाकडे वळला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या निवडुंगाच्या माळावर त्याने किर्लोस्करवाडी वसवली. नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे तिथे झाली. किर्लोस्करांचीच म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी १९४१ मध्ये हरिहरला निघाली आणि लेथ करू लागली; १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. लेथ आणि मोटार, दोन्ही एकाच मराठी घरातून निघाली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आता आपल्या पडवीतल्या लेथकडे वळू. पंख्याचा रेग्युलेटर लेथच्या साध्या कपॅसिटर मोटारीला लावू नका. चाल नीट उतरत नाही, जोर मात्र जातो आणि मोटार तापून पुन्हा जळते. मिक्सरची मोटार रेग्युलेटरने हळू होते खरी, पण हत्यार टेकताच दमते. एकदिश चुंबकी मोटार आणि तिचे नियंत्रक बरे. लहान आयात लेथमध्ये बहुधा तेच असते. सर्वांत चांगली जोडी म्हणजे तीन फेजची मोटार आणि व्हीएफडी. हे यंत्र घरच्या सिंगल फेजमधून तीन फेज तयार करते आणि आवर्तने बदलून चाल बदलते. मात्र घरच्या २३० व्होल्टवर मोटारीची जोडणी डेल्टा हवी. पुष्कळ लहान मोटारींत आतल्या आत स्टार जोड केलेली असते. तेव्हा वाइंडिंगवाल्याकडून सहाही टोके बाहेर काढून घ्या. जुनी सिंगल फेजची कपॅसिटर मोटार व्हीएफडीला जोडायची नाही.

आणि एवढे करून जुनी पायऱ्यांची पुली भंगारात टाकू नका. व्हीएफडीने चाल चौथाई केली तर जोर फार तर पहिल्याइतकाच राहतो, चौपट होत नाही; शिवाय हळू फिरणाऱ्या मोटारीचा पंखाही हळू फिरतो आणि ती तापते. मोठे चाक कातायचे तर पट्टा खालच्या पायरीवर घ्या, असल्यास बॅक गिअर लावा, आणि बारीक फरक तेवढा बटणाने करा.

आट्यांनी बसणारा चक असेल तर उलटी चाल देताना किंवा एकदम थांबवताना तो सुटून येतो, तेव्हा नियंत्रकात थांबण्याचा वेळ वाढवून ठेवा. मोटारीला पक्के अर्थिंग द्या. स्विच असा घ्या की वीज जाऊन परत आली तरी यंत्र आपोआप सुरू होऊ नये. आपल्या भागात वीज केव्हा येईल याचा नेम नाही, आणि तेव्हा हात चकवर असू शकतो.